साबणाने न गेलेला रंग

“ती रॉकेलची बाटली खाली ठेव आधी.”

“ठेवते. तुमी त्याचे पाय धरा.”

“मी कुणाचेही पाय धरणार नाय. सकिना, तो मळलेला नाय! कितीदा सांगू?”

“मळलेला नाय? डोकं बघा त्याचं. चुलीतनं काढलेल्या वांग्यासारखं झालंय, आणि म्हणे मळलेला नाय!”

“त्याचं डोकं तसंच असतं.”

“तुमच्या सांगण्यावर? नीराबाई, तू चोळ गो.”

नीराबाई चोळत होतीच. विहिरीच्या कट्ट्यावर ती फतकल मारून बसली होती. मांडीवर ओल्या गोणपाटात गुंडाळलेला पक्षी, डाव्या हाताच्या मुठीत त्याची चोच, उजव्या हाताला कपड्यांच्या साबणाचा फेस. बदकाएवढा पक्षी, पण सगळा जोर चोचीत. नीराबाईच्या अंगठ्याला त्याने आधीच एकदा चावून रक्त काढलं होतं आणि तिने त्याला कोळीवाड्यातल्या ठेवणीतल्या दोन शिव्या दिल्या होत्या. हिशेब चुकता झाला होता.

आता यात सकिनाचं काही चुकलं असं कुणी म्हणणार नाही. श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर पावसाळाभर समुद्र डांबराच्या गोळ्या आणून टाकतो. दूर कुठे जहाजं तेल सांडतात आणि इथे बायकांना तळपाय घासत बसावं लागतं. घरोघरी उंबऱ्याशी रॉकेलात बुडवलेलं एक फडकं असतंच. पाहुणा असो की व्याही, समुद्रावरून आला की आधी पाय पुसायचे, मग आत. त्यामुळे वादळी वाऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जीवना बंदरात, ओढून ठेवलेल्या होडीच्या आडोशाला, काळपट तपकिरी रंगाचा एक कुरव, समुद्रावरचा पक्षी, मान खाली घालून बसलेला दिसला, तेव्हा नीराबाईने दुसरा विचारच केला नाही. जाळ्याचा एक जुना तुकडा त्याच्यावर टाकला, पदराखाली घेतला आणि तडक मोहल्ल्यात सकिनाच्या परसदारी आली. सकिनाच्या विहिरीला पाणी मुबलक, आणि सकिनाला घाण दिसली की ती काढल्याशिवाय चैन पडत नाही, हे सगळ्या गावाला माहीत.

“पाणी बघा,” सकिनाचा नवरा खलील म्हणाला. तो मागच्या दाराच्या पायरीवर उभा होता, लुंगीचा सोगा हातात धरून. “घमेल्यातलं पाणी बघा दोघी.”

दोघींनी पाहिलं.

“काळं कुठं हाय? डांबर असतं तर पाणी काळं झालं असतं. साबण संपत आला तुमचा, त्याचा रंग गेला काय?”

“पक्कं बसलंय,” नीराबाई म्हणाली. “म्हणून तर रॉकेल काढलं ना, खलीलभाई. तुमी आखातात राहिलंव, तुमाला काय ठावं डांबर कसं बसतं ते.”

“आखातात राहिलो म्हणूनच ठावं हाय! हा तिकडचा हाय. सूरच्या धक्क्यावर असे ढिगानं असतात. मस्कतपासून खाली जा, मासळी उतरली की हेच. मी रोज बघितलेत ते.”

“हो का?” सकिनाने बाटली आपटून ठेवली. “एवढे ओळखीचे असतील तर जा ना त्यांच्यात. शुक्रवारपर्यंतच सांगायचंय ना तुमाला?”

नीराबाईचा हात थांबला. पक्ष्यानेसुद्धा धडपड थांबवली, निदान सकिनाला तरी तसं वाटलं. हे ती बोलणार नव्हती. चार दिवस दाताखाली धरून ठेवलेलं होतं, साबणाच्या फेसासारखं निसटलं.

गोष्ट अशी होती. खलील ओमानला सूर गावी गलबतं दुरुस्त करायच्या कारखान्यात कामाला होता. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी गेला आणि दाढी पांढरी झाल्यावर परत आला. मधे मधे सुट्टीला यायचा, अत्तराच्या बाटल्या आणि ब्लँकेटं घेऊन, आणि घराला त्याची सवय होतेय न होतेय तोवर निघायचा. आता येऊन दीड वर्ष झालं होतं, कायमचा म्हणून. पण गेल्या आठवड्यात म्हाताऱ्या मालकाच्या मुलाचा फोन आला. जुनी माणसं उरली नाहीत, लाकूड कळणारा माणूस मिळत नाही, दोन वर्षं येऊन जा, शुक्रवारी नमाजानंतर फोन करतो तेव्हा हो की नाही सांग. खलीलने हे जेवताना सांगितलं होतं. सकिना “भात वाढू?” म्हणाली होती. तेवढ्यावरच ते संपलं होतं.

तशी या घरात जाण्याची एक रीत होती. खलीलच्या आईने घातलेली. बाहेरगावी निघणाऱ्या पुरुषाने उंबऱ्यावर उभं राहून विचारायचं, “निघू?” आणि घरच्या बाईने म्हणायचं, “अल्लाच्या हवाली.” ते ऐकल्याशिवाय पाय उंबऱ्याबाहेर टाकायचा नाही. सासू होती तोवर ती म्हणायची. मग सकिना. बॅगा जीपमध्ये चढलेल्या, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, मोहल्ल्यातली पोरं जीपला लोंबकळलेली, आणि खलील उंबऱ्यावर, “निघू?” अशा वेळी हा प्रश्न विचारून आजवर कुणी थांबलंय? सकिना म्हणायची ते शब्द. प्रत्येक वेळी म्हणायची. मुलगी जुनेरा तापाने फणफणलेली होती त्या वर्षी जरा उशिरा म्हणाली, एवढंच.

“सोड त्याला,” सकिना आता नीराबाईला म्हणाली. “चोळू नको. त्यांचा पाहुणा हाय.”

खलील पायरी उतरून खाली आला. बायकोच्या बोलण्याला त्याने उत्तर दिलं नाही. उत्तर न देण्यात तो पहिल्यापासून तरबेज. उकिडवा बसला, गोणपाट जरा बाजूला केलं आणि बोट लावून दाखवायला लागला.

“हे बघ. डांबर लागतं ते कसं? एका अंगाला जास्त, एका अंगाला कमी. ठिपके, ओघळ. इथं बघ, डाव्या गालाला जिथवर काळं, उजव्या गालाला तिथवरच. खाली गळ्याला आलं की कसं थांबलंय, शिंप्यानं कापल्यासारखं. आणि मागे मानेवर ही पांढरी पट्टी. माखलेल्या पक्ष्याला अशी कॉलर राहील?”

“अल्ला असा मळका पक्षी कशाला बनवील?” सकिना म्हणाली, पण वाकून बघत.

“पोट पांढरंशुभ्र हाय की. तुझं पोट काय आवडलं नाय डांबराला?” हे पक्ष्याला. मग पुन्हा हिला. “आणि रंग सोड. रंगावर जायचंच नाय. आपले थंडीतले कुरव आठव, दिवाळीनंतर येतात ते. त्यांची चोच कशी, आखूड, सरळ. ह्याची बघ. लांब, जाड, आणि टोकाला खाली वळलेली. अडकित्त्यासारखी. पंख मिटलेत तरी शेपटीच्या कुठच्या कुठे बाहेर. हा बांधाच वेगळा. धू, रंगव, चुना फास, बांधा बदलतो काय? माणूस असो, पक्षी असो, सकिना, कपड्यावर जाऊ नये. बांधा बघावा.”

नीराबाई एकदम खाली बघायला लागली. तिला पुढचं कळलं होतं.

“कुणी सांगावं!” सकिना म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. “कपड्यावर जाऊ नये, हे कुणी सांगावं? पिवळा फ्रॉक विसरलात काय?”

पिवळ्या फ्रॉकची गोष्ट मोहल्ल्यात आणि कोळीवाड्यात सगळ्यांना पाठ होती. लग्नाकार्यात बायका ती मागून घेत. खलीलने एकदा कुणाबरोबर तरी मुलीसाठी फ्रॉक पाठवला, पिवळाधमक, पांढऱ्या लेसचा. माप काढलं होतं जुन्या फोटोवरून. फ्रॉक पोचेपर्यंत जुनेरा वाढली, तो तिला खांद्यात बसेना. सकिनाने तो नीराबाईच्या सुचिताला दिला, दोन वर्षांनी लहान पोर, तिला बेताचा बसला. पुढे खलील सुट्टीवर आला तेव्हा एसटी स्टँडवर सगळ्या उभ्या होत्या, सुचिता तोच फ्रॉक घालून. खलील गाडीतून उतरला, हातातली बॅग टाकली, हात पसरून धावत आला आणि सुचिताला उचलून छातीशी धरलं. “माझी जुनेरा! माझी जुनेरा!” सुचिताने भोकाड पसरलं. नीराबाई हसून हसून स्टँडवर खाली बसली. कंडक्टर हसला, रिक्षावाले हसले, आणि खरी जुनेरा सकिनाच्या बुरख्यामागे लपून डोळे मोठ्ठे करून बघत राहिली.

सकिनासुद्धा हसली होती. ही गोष्ट सांगितली जायची तेव्हा दर वेळी हसत आली होती. आज पहिल्यांदा तिने ती हसल्याशिवाय काढली.

खलील उठला. विहिरीजवळच्या दगडी दोणीत पक्षी अलगद सोडला. पक्षी पाण्यावर तरंगायला हवा होता. तो पाण्यात बसला. पाठीपर्यंत बुडला, पंख जड झाले, घाबरून पाय मारायला लागला. खलीलने दोन्ही हातांनी पुन्हा उचलला.

“पिसांना तेल असतं त्यांच्या,” तो हळू म्हणाला. “ते त्यांचं ते चोचीनं लावतात. साबणानं गेलं ते. आता सोडला तर समुद्रावर बसेल आणि बुडेल.”

नीराबाईने दोन्ही हात पदराला पुसले. “अगो बाय माझे,” एवढंच म्हणाली.

“परत येतं ते तेल?” सकिनाने विचारलं.

“येतं. वेळ लागतो. कोरडा ठेवायचा, खायला द्यायचं, त्याच्या वाटेला जायचं नाय.”

तो आत निघून गेला.

*

कोंबड्यांचं मोठं डालगं रिकामं होतं. त्याखाली कुरवाची सोय झाली, मागच्या पडवीत, सकिना सुपाऱ्या सोलायला बसते तिथेच. तिची जागा ठरलेली, भिंतीला पाठ, पुढ्यात पाटाला ठोकलेलं पातं, एका बाजूला वाडीतून आलेल्या सुकवलेल्या सुपाऱ्यांचं पोतं, दुसऱ्या बाजूला सालांचा ढीग. याच जागेवर बसून तिने नवऱ्याच्या माघारी सासूचं शेवटचं दुखणं काढलं, जुनेराचा अभ्यास घेतला, विहिरीचा पंप बिघडला की पाना मागवून तो स्वतः खोलायला ती शिकली. घरात पैसा येत होता, सोलायची गरज नव्हती. पण हात रिकामे राहिले की डोकं चालतं, आणि डोकं चाललं की रात्र मोठी होते, असा तिचा अनुभव.

नीराबाई सकाळच्या फेरीला मासळीची पाटी घेऊन यायची, तेव्हा पाहुण्याचा वाटा वेगळा काढायची. “हे घ्या, जावईबापूंना बांगडा.” चावलेल्या अंगठ्याला तिने चिंधी बांधली होती आणि ती चिंधी सगळ्या बाजाराला दाखवून आली होती. “ओमानचा हाय म्हणतंय खलीलभाई. तरीच एवढा नखरा. बोंबील दिला तर तोंड फिरवतंय!”

पहिला दिवस कुरवाने नुसता बसून काढला. दुसऱ्या दिवशी तो चोचीने पिसं विंचरायला लागला. शेपटीच्या मुळाशी चोच घासायची, मग एकेक पीस चोचीतून ओढायचं, मुळापासून टोकापर्यंत. सकिनाचा हात सुपारीवर आणि डोळा त्याच्यावर. किती निगुतीचं काम ते! आणि आपण कपडे धुवायच्या साबणाने घासून काढलं सगळं.

खलील डालग्याशेजारी बसून असायचा. सुरुवातीला गप्प. मग त्याने बोलायला सुरुवात केली, पक्ष्याकडे बघत, पण आवाज सकिनापर्यंत पोचेल इतका.

“अजून पुरता वाढलेला नाय हा. पोर हाय. मोठ्याची चोच पिवळट, काळा पट्टा, टोक लाल. ह्याची अजून राखाडी. शेपटीला काळी किनार हाय, ती पण जाईल. रंग वर्षावर्षाला बदलत जातो ह्यांचा.”

“एवढं कधी बघितलंत तुमी?” सकिनाने विचारलं.

“दुपारी. जेवणाच्या सुट्टीत धक्क्यावर जायचो. खोलीत कशाला बसू? खोलीत सगळे मल्याळी आणि बंगाली. माणसं चांगली, पण बोलणार काय? कामापुरतं अरबी, कामापुरतं हिंदी. आपली बोली बोलायला कुणी नाय.” त्याने बांगड्याचा एक तुकडा डालग्याच्या फटीतून आत सरकवला. “एक कुरव होता. चोचीला इथं, वरच्या बाजूला, खाच होती. रोज त्याच खांबावर. मी भाकरी खायचो, त्याला टाकायचो. बोलायचो त्याच्याशी.”

“काय बोलायचात?”

“काय बोलणार? हेच. आज वारा खालचा हाय. आज आईला बरं नाय असं कळलं. आज सकिनाला फोन करायचा हाय.”

सकिनाच्या हातातली सुपारी पात्यावरून घसरली.

फोन! फोनवर त्याची तीन वाक्यं ठरलेली असत. बरं हाय ना. पैसे पोचले ना. जुनेरा अभ्यास करते ना. आणि तिची तीन उत्तरं ठरलेली. हो, हो, हो. पाठीमागे सासू कण्हत असली तरी हो. पंपाच्या पट्ट्यात हात सापडून टाके पडले होते त्या दिवशीही, दुसऱ्या हातात फोन धरून, हो. आणि तिकडे हा माणूस आपल्या बोलीत पाखराशी बोलत होता.

“मग तो हाच काय?” तिने विचारलं. तिला एकाएकी वाटलं की तोच असावा. एवढा समुद्र ओलांडून त्याच्या मागे आलेला.

खलीलने वाकून नीट पाहिलं. हो म्हणता आलं असतं त्याला.

“नाय. खाच नाय ह्याला. आणि तो आता कुठला जिवंत!”

त्या दुपारी जुनेराचा फोन आला. ती न्हावा शेव्याला कंटेनरच्या एका ऑफिसात होती, जेवणाच्या सुट्टीत फोन करायची, आणि आईला बोलतं करायचं असलं तर आधी स्वतःच धबाधबा बोलायची.

“अम्मी, नीरामावशीनं मला फोटो पाठवलाय जावईबापूंचा. काय गं, धुतलंत बिचाऱ्याला!”

“तुला काय लागलं हसायला?”

“अब्बांना सांगितलंस? नको जाऊ म्हणून?”

“मी कशाला सांगू? त्यांचं त्यांना कळायला नको? मी कधी अडवलंय?”

“तेच म्हणते मी. कधीच नाही अडवलंस. त्यांना काय वाटत असेल? की हिचं काही अडत नाही.”

सकिनाने एक सुपारी पात्यावर ठेवली. मग म्हणाली, “तुला स्टँडवर ओळखलं नव्हतं त्यांनी. आठवतं?”

“आठवतं की! पिशवीभर चॉकलेट दिलं मला, लाजून. सुचिताला एक आणि मला पिशवीभर. मला कुठं काय वाटलं होतं, अम्मी? मला तर तो फ्रॉक आवडतच नव्हता. तुलाच लागलं ते. अजून लागतंय.” आणि मग, घाईघाईने, “चल, साहेब आले,” म्हणून फोन ठेवला.

पोरी शहाण्या होतात ते एक बरं, पण फोन कधी ठेवायचा हेही त्यांना बरोबर कळतं, असं सकिनाच्या मनात आलं.

संध्याकाळी खलील डालगं झाकायला आला, तेव्हा ती जागची उठली नाही.

“बसा,” म्हणाली. “डोळे मिटा.”

“कशाला?”

“मिटा म्हणते ना. पाखराला चोचीवरनं ओळखता. आता मला ओळखा. उघडायचे नायत हां.”

खलीलने डोळे मिटले. पडवीत सुपारीच्या सालांचा वास होता आणि डालग्याखाली कुरव पिसं विंचरत होता, त्याचा बारीक चरचर आवाज.

“सांगा काय सांगायचं ते.”

“काय सांगू… तू जिना चढताना उजवा गुडघा धरतेस. कुणी नसेल तर. कुणी असेल तर धरत नायस.”

सकिनाने गुडघ्यावरचा हात काढून घेतला.

“ताट वाढून झालं की दाराकडे बघतेस. मी समोर बसलेला असलो तरी बघतेस. आधीची सवय असणार. कुणी येतंय काय बघायची.” तो थांबला. “हसतेस तेव्हा तोंडावर हात नेतेस. पूर्वी नव्हतीस नेत. डावीकडचा दात पडल्यापासून असेल. मी आल्यावर महिनाभर बघत होतो, ही हसताना काय लपवते म्हणून. आणि झोपेत बोलतेस.”

“काय बोलते?”

“पंप बंद कर, म्हणतेस. जुनेराला.”

तिला हसू आलं, आणि हात तोंडाकडे गेला, आणि मग तिने तो मधेच थांबवला.

“आणि हातावर?” तिने विचारलं. “माझ्या डाव्या हातावर वण हाय. कशाचा?”

“तेलाचा. तळताना उडालं असेल.”

“पट्ट्याचा,” ती म्हणाली. “पंपाच्या. सात टाके पडले होते. नीराबाईनं नेलं दवाखान्यात. त्या रात्री तुमचा फोन आला होता.”

“तू तर म्हणालीस…”

“सगळं ठीक म्हणाले. ठाऊक हाय मला काय म्हणाले ते.”

त्याने डोळे उघडले. तिचा हात ओढून घेतला नाही, तसा तो माणूस नव्हता. नुसता वणाकडे बघत राहिला, मघाशी कुरवाच्या चोचीकडे बघत होता तसा, नीट, वाकून.

“मला सांगायला पाहिजे होतंस,” म्हणाला.

“तुमी विचारायला पाहिजे होतं.”

कुरव डालग्याखाली एकदा ओरडला, बसक्या घशाने. दोघंही त्याच्याकडे बघायला लागली, कारण एकमेकांकडे बघणं त्याहून अवघड होतं.

*

शुक्रवारी सकाळी नीराबाई आली तीच घाईने. “आज बघूया. वारा पडलाय. आज सोडायचा तर सोडा, नायतर हा माझ्या पाटीवरचं सगळं पापलेट खाईल आणि मग मी तुमाला सोडणार नाय.”

खलीलने दोणीत पाणी भरलं आणि पक्षी वर ठेवला. तिघांनी श्वास धरला. कुरव तरंगला. होडीसारखा, छाती वर, शेपटी वर. पाण्याचे थेंब पाठीवरून अळवाच्या पानावरून घरंगळावेत तसे घरंगळले. काळंभोर डोकं त्याने दोनदा पाण्यात बुडवलं, झटकलं, आणि नीराबाईच्या दिशेने चोच उघडली.

“बघ, बघ, अजून राग हाय माझ्यावर!” नीराबाई खूश झाली. “पण रंग काय गेला नाय हां, खलीलभाई. एवढा साबण घातला. तुमचंच खरं.”

“माझं काय, त्याचं खरं,” खलील म्हणाला.

“तुमी नमाज करून या, मी बंदरावर पुढं होते. माणसांना बाजूला करते, नायतर पोरं गराडा घालतील.” पाटी डोक्यावर चढवून ती गेली.

खलील मशिदीत जाऊन आला. सकिनाने जुना टॉवेल घेतला, कुरवाला त्यात गुंडाळला, पंख नीट मिटवून, चोच मोकळी ठेवून. आता त्याला तिची भीती वाटत नव्हती, की तिला त्याच्या चावण्याची, देव जाणे, पण दोघंही स्वस्थ होते. तेवढ्यात आत फोन वाजला.

फोन वाजत राहिला. खलीलने उचलला. सकिनाला पडवीतून त्याचं हिंदी ऐकू आलं, आखातातलं, अरबी मिसळलेलं, ज्यात तो तिला नेहमी परका वाटायचा. “वालेकुम सलाम… हां, हां, शेख… नहीं, अभी नहीं… घर में पूछ के बताता हूं. थोड़ा टाइम दो… हां, घर में पूछना है.”

घर में पूछना है. हे वाक्य तिने त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

तो पडवीच्या दारात आला. फोन हातातच. सकिना समोर उभी, पक्षी छातीशी. बॅग माळ्यावर होती, तिच्यावर दीड वर्षाची धूळ होती. दारात जीप नव्हती. हॉर्न नव्हता. लोंबकळणारी पोरं नव्हती. तो उंबऱ्याच्या आत होता आणि कुणीही त्याची वाट बघत नव्हतं, ती सोडून.

“सकिना,” तो म्हणाला. “निघू?”

तिच्या ओठांवर ‘अल्लाच्या हवाली’ हे शब्द तयार होते. इतक्या वर्षांचे, घासून गुळगुळीत झालेले, तोंड उघडलं की आपोआप बाहेर पडणारे. तिने तोंड मिटूनच ठेवलं. टॉवेलातल्या पक्ष्याचं काळीज तिच्या तळहाताला धडधड लागत होतं.

तो पुन्हा म्हणाला, “बोल ना. निघू काय?”

सकिनाने कुरवाला खांद्याशी नीट धरलं, डोक्यावरची ओढणी दाताने पुढे ओढली, आणि त्याच्या बाजूने घरात शिरून, पुढचा उंबरा ओलांडून, अंगणातून, सुपारीच्या वाडीतल्या वाटेने समुद्राकडे चालू लागली.